कुंडल रोड नावाचा ग्रह

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या माळ्यावरून काय काय खाली येईल याचा नेम नसतो. यंदा आमच्याकडे एक ग्रह खाली आला.

तो आला एका लांबट वहीत. वहीच्या पुठ्ठ्यावर 'गुप्त' असे लाल अक्षरांत लिहिले होते, त्यामुळे साहजिकच मी ती आधी उघडली. ही वही आमच्या नातवाची. वय वर्षे चौदा. आत एका ग्रहाचा संपूर्ण इतिहास होता. पृथ्वीवरून माणसे कोणत्या साली निघाली, किती वर्षांनी उतरली, पहिले शहर कोठे वसवले, पाणी कसे शोधले, लोखंडावरून पहिले भांडण कोणात झाले, दुसऱ्या पिढीने पृथ्वीविरुद्ध बंड का केले, हे सगळे सनावळीसह. नकाशे होते, तहाची कलमे होती, राष्ट्रगीतसुद्धा होते. भूगोलात जेमतेम पास होणाऱ्या मुलाने एका ग्रहाच्या नद्यांची नावे पाठ केली होती, याचे मला कौतुक वाटावे की दुःख, ते कळेना.

आमच्या सौ.ने वही चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "या ग्रहावर चूल कोठे आहे रे? तीनशे वर्षांत कोणी जेवलेलं दिसत नाही."

मुलगा ओशाळला. पण माझे लक्ष वहीच्या पहिल्याच ओळीवर खिळले होते. ती ओळ अशी होती : 'वसाहतीची माणसे उतरली तेव्हा ग्रह ओसाड होता. तेथे कोणीही नव्हते.'

"हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारले.

"कोणी कशाला सांगायला पाहिजे, आबा? ग्रह माझा आहे."

उत्तर बिनतोड होते. पण त्यातला 'माझा' हा शब्द मला जरा टोचला. तो का टोचला हे सांगायचे तर घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्या चिरंजिवांना कॅनडात नोकरी मिळाली आहे. दिवाळी उरकली की ते, सूनबाई आणि हा ग्रहपती असे तिघेही टोरांटोला जायचे आहेत. नुसते फिरायला नव्हे, राहायला. म्हणजे वहीतली गोष्ट आमच्या घरात खरोखरच घडू घातली आहे, आणि जाणाऱ्याच्या वहीत पहिलीच ओळ चुकली आहे, असे मला वाटले.

"खरी वसाहत पाहायची आहे का?" मी विचारले.

"मंगळावरची?"

"सांगली जिल्ह्यातली."

* * *

पुण्याहून मिरजेच्या बाजूला गाडी निघाली की कराड ओलांडल्यावर शेणोली, ताकारी अशी लहान स्टेशने येतात आणि मग येते किर्लोस्करवाडी. या प्रवासात आजोबाने नातवाला ज्ञान द्यावे अशी जुनी रीत आहे. आमच्याकडे उलटे झाले. साताऱ्यापर्यंत त्यानेच मला शिकवले.

त्याच्याकडून मला समजले की ग्रहांचे इतिहास लिहिण्याचा धंदा बराच जुना आहे आणि त्यात मातब्बर लोक होऊन गेले. आयझॅक असिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन' मालिकेत टर्मिनस नावाचा ग्रह आहे. आकाशगंगेच्या अगदी टोकाला असलेल्या या ग्रहावर विश्वकोश लिहिणाऱ्या विद्वानांची रवानगी होते. तेथे धातू जवळजवळ नाहीतच, म्हणून ती माणसे थोडक्या धातूत मोठी कामे करणारी चिमुकली यंत्रे बनवायला शिकतात. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९६६ च्या कादंबरीत चंद्रावर कैद्यांची वसाहत आहे. पृथ्वीला धान्य पुरवून पुरवून ती माणसे कंटाळतात आणि एक दिवस स्वतःचेच सरकार स्थापतात. उर्सुला ले ग्विन या बाईंनी १९७४ साली एक कादंबरी लिहिली. तिच्यात सुखवस्तू ग्रह सोडून काही लोक कोरड्या, उजाड चंद्रावर राहायला जातात. का, तर तेथे ना मालक असावा ना सरकार. त्या कादंबरीची सुरुवातच म्हणे एका भिंतीपासून होते.

"आणि आपल्याकडे?" मी विचारले.

"आपल्याकडे नारळीकर," तो म्हणाला.

हे मात्र मला ठाऊक होते. जयंत नारळीकर कोल्हापूरचे, म्हणजे याच लोहमार्गाच्या शेवटच्या स्टेशनाचे. जन्म १९३८ चा. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी १९७४ साली त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाकडे पाहून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये एवढाच हेतू. बक्षीस मिळाले ते कथेलाच. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा आमच्या घरातल्या 'यक्षांची देणगी'च्या प्रतीला मी नवे कव्हर घातले. जुने या नातवानेच वाचून वाचून फाडले होते.

शेणोली स्टेशन आले आणि ज्ञान देण्याची पाळी माझ्यावर आली. पण ती हकीकत मी पुढे सांगतो, कारण इतिहास क्रमाने सांगावा असे माझे जुने मास्तर म्हणत. आधी उतरण्याची गोष्ट. बंड मागाहून.

* * *

किर्लोस्करवाडी हे नाव त्या स्टेशनाला पुढे मिळाले. त्याचे पहिले नाव कुंडल रोड. कुंडल गाव स्टेशनापासून आत, आणि गावाकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो ते हे स्टेशन. गाडी थांबायची, कोणी उतरायचे, कोणी चढायचे, आणि गाडी गेली की माळावर पुन्हा वारा तेवढा उरायचा.

या माळावर १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव किर्लोस्कर आपला बाडबिस्तरा घेऊन उतरले. जन्म १८६९ चा, म्हणजे वय चाळिशीचे. या वयात आपल्यासारखा माणूस पेन्शनीचा हिशोब मांडायला लागतो. लक्ष्मणरावांच्या हिशोबात तोवर बहुतेक खर्चाचीच बाजू भरलेली होती. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले तर डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे कळले. मग यंत्रांची चित्रे काढू लागले, ती शिकवू लागले. बेळगावला सायकलींचे दुकान काढले. मग कडबा कापण्याचे यंत्र केले आणि लोखंडी नांगर केला. नांगर उत्तम झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली म्हणतात. आणि जरा जम बसतो आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितली.

वाचकहो, ग्रह सोडून जाणाऱ्यांच्या गोष्टी अशाच सुरू होतात. कादंबरीत सूर्य विझायला लागतो. प्रत्यक्षात जागा खाली करण्याची नोटीस पुरते.

त्या वेळी औंध संस्थानाचे अधिपती होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कार घालणारे आणि प्रजेला घालायला लावणारे, चित्रे काढणारे, आणि माणूस ओळखणारे. औंधच्या देवळाजवळ मंडप बांधण्याच्या कामावर लक्ष्मणराव होते. बेळगावची अडचण राजेसाहेबांच्या कानी गेली. त्यांनी आपल्या संस्थानातली, कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. औंध संस्थान सलग नव्हते. इंग्रजी मुलखात इकडे तिकडे तुकडे विखुरलेले, आणि त्यातला एक तुकडा हा कुंडलचा. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा. पुढे कामी येईल.

जमीन मिळाली, पण कसली? निवडुंग आणि नाग. किर्लोस्करवाडीबद्दल कोणीही लिहिले की हे दोन रहिवासी त्यात असतातच. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव तेव्हा सहासात वर्षांचे होते. पुढे मोठे कारखानदार झाल्यावर त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले, त्याचे नावच 'कॅक्टस अँड रोझेस', म्हणजे निवडुंग आणि गुलाब. लहानपणी पायात गेलेला काटा माणूस विसरत नाही.

लक्ष्मणरावांबरोबर सुमारे पंचवीस कामगारांची कुटुंबे होती. त्यांनी निवडुंग तोडला, साप हाकलले, पाण्याची सोय केली, कारखान्याची भिंत उभी केली. थोरले बंधू रामूअण्णा वसाहतीचा कारभार पाहू लागले. आमच्या नातवाच्या वहीत पहिल्या वर्षी ग्रहावर विद्यापीठ निघाले होते. येथे पहिल्या वर्षी राहायला छप्पर मिळाले हीच मोठी गोष्ट.

लोखंडावरून पहिले भांडण, असे जे वहीत लिहिले होते, तेही येथे घडले, फक्त ते भांडण साऱ्या जगाचे होते. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी लोखंड, कोळसा, सगळेच मिळेनासे झाले. नांगराला मागणी, आणि लोखंडाचा पत्ता नाही. अगदी टर्मिनस. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्याकडच्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. ज्या तोफांनी कोणे एके काळी माणसे मारली त्यांचे नांगर झाले आणि कुठल्यातरी शेतात जोंधळा पेरला गेला. ही हकीकत ऐकल्यावर नातवाने वहीत काहीतरी लिहून घेतले. मी विचारले नाही.

नव्या वसाहतीचा मोठा फायदा असा की तेथे जुन्या गावाचे नियम सोडून देता येतात. लक्ष्मणरावांनी आपल्या वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असे ठरवले, १९१० च्या सुमारास, जेव्हा पुण्यामुंबईतली शिकली सवरली माणसेही पाण्याच्या नळापाशी घुटमळत होती. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना त्यांनी कारखान्याचे रखवालदार नेमले. चोर ठेवावा राखणीला ही म्हण त्यांनी अशी अक्षरशः घेतली, आणि राखण झाली.

आणि मग वाडीतून कागद बाहेर पडू लागले. १९२० साली कारखान्याची माहिती देणारे 'किर्लोस्कर खबर' निघाले. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे मराठीतले एक नामांकित मासिक केले. १९३० साली 'स्त्री' आले, १९३४ साली 'मनोहर'. नाग आणि निवडुंग असलेल्या माळावर छापलेले अंक मुंबईच्या गिरगावात आणि पुण्याच्या सदाशिव पेठेत पोस्टमन टाकून जाई. बाईने शिकावे की नाही, विधवेने काय करावे, घरात देव किती असावेत, यावर त्या अंकांतून वाद झडत आणि ते वाचून माजघरात वाद झडत. आमच्या सौ.च्या माहेरी 'स्त्री'चे बांधीव अंक ट्रंकेत होते. दूरच्या ग्रहावरून संदेश येतात ते यापेक्षा निराळे काय असतात?

* * *

येथपर्यंत गोष्ट छानच होती. नातू खूश होता. एक हिंमतवान माणूस, एक उदार राजा, ओसाड जमीन, आणि त्यातून उभे राहिलेले नगर. त्याच्या वहीतल्या पहिल्या ओळीला धक्का लागला नव्हता.

मग आम्ही स्टेशनावरून कुंडलला गेलो.

कुंडल हे माझे आजोळ. म्हणजे आईच्या आईचे गाव. आम्ही तिला बाई म्हणायचो. लक्ष्मणराव माळावर उतरले तेव्हा ती सातआठ वर्षांची पोर होती. लहानपणी सुट्टीत गेलो की ती गोष्टी सांगे, आणि मी एकदा शाळेच्या पुस्तकी ऐटीत तिला म्हणालो होतो, "बाई, किर्लोस्करवाडी आधी ओसाड होती ना?"

बाई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "वसाड? आरं, तितं माजी शेरडं चरायची की."

तक्रार नव्हती हो तिची. वाडीबद्दल ती अभिमानानेच बोले. तिच्या नात्यातली माणसे पुढे कारखान्यात लागली, त्यांची घरे उभी राहिली. रात्री माळावर पहिल्यांदा कंदील दिसले तेव्हा आपण भुताटकी समजून आईला बिलगलो होतो, हे ती हसत हसत सांगे. पण शेरडे चरायची ती चरायचीच. कोणत्या निवडुंगाखाली सावली पडते, कोणत्या खळग्यात पावसाचे पाणी दसऱ्यापर्यंत राहते, हे त्या पोरीला ठाऊक होते. आणि शेवटपर्यंत, स्टेशनाच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो, ती "कुंडल रोडाला उतरा" असेच सांगायची.

नातवाला मी गावच्या डोंगराकडे नेले. तेथे पार्श्वनाथाची जैन तीर्थक्षेत्रे आहेत. झरी पार्श्वनाथ, गिरी पार्श्वनाथ. दगडात कोरलेली, फार जुनी. यात्रेकरू किती शतके या वाटेने चालत आले असतील ते त्या झिजलेल्या दगडांना विचारावे. तो पायऱ्यांवर बसून राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे आबा, ओसाड म्हणजे तिथे कोणी नव्हतं असं नाही. ओसाड म्हणजे, जो लिहितो त्याला कोणी दिसलं नाही."

मी गप्प राहिलो. चौदा वर्षांच्या मुलाने आपले म्हणणे आपल्याआधी मांडले की मोठ्या माणसाने गप्पच राहावे.

* * *

आता ती शेणोलीची हकीकत.

हाइनलाइनच्या चंद्रावर जे झाले ते आमच्या कुंडलात १९४३ ते १९४६ या काळात झाले. फरक इतकाच की हे खरे आहे. १९४२ च्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. तेव्हाच्या साताऱ्यात आजच्या सांगली जिल्ह्याचाही मोठा भाग होता. तो १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून निराळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. या प्रतिसरकारचे एक प्रमुख ठाणे कुंडल, आणि त्याचे लढाऊ दल म्हणजे तुफान सेना. कुंडलचे जी. डी. बापू लाड तिचे पुढारी. वय तेव्हा जेमतेम विशीचे.

७ जून १९४३ रोजी तुफान सेनेच्या तरुणांनी शेणोलीजवळ पुणे-मिरज गाडी अडवली आणि तीतून जाणारा सरकारी पगाराचा पैसा काढून घेतला. त्यात कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड होते, ज्यांना सारे कॅप्टन भाऊ म्हणत. शंभरीच्या उंबरठ्यावर येऊन २०२२ साली ते वारले. म्हातारपणी त्यांच्यापुढे कोणी 'लूट' हा शब्द काढला की ते अडवायचे. इंग्रजांनी आपल्या लोकांकडून नेलेला पैसा आम्ही परत आणला, असे त्यांचे म्हणणे.

पण सरकार म्हटले की नुसती गाडी अडवून भागत नाही. रोजचा कारभार करावा लागतो. प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे नेमली. बांधाची भांडणे, सावकारीची भांडणे तेथे तुटू लागली. दारूबंदी केली, वाचनालये काढली. कर्ज काढून लग्ने करू नयेत म्हणून हार घालून साधी लग्ने लावली, त्यांना गांधी लग्न म्हणत. बापू लाडांनी स्वतःचे लग्नही १९४५ साली तसेच केले. गुंडांना आणि पोलिसांच्या खबऱ्यांना मात्र शिक्षा जबर होत. त्या शिक्षेवरूनच 'पत्री सरकार' हे नाव पडले, आणि इंग्रजांनी ते भीती घालण्यासाठी वापरले. सगळेच गोड होते असे मी म्हणणार नाही. वहीतल्या बंडात कोणालाही जखम होत नाही. खऱ्या बंडात होते, आणि कधी कधी ती चुकीच्या माणसालाही होते.

आता ते औंधचे विखुरलेले तुकडे आठवा. कुंडल औंध संस्थानात, आणि भोवती इंग्रजी मुलूख. इंग्रजी पोलिसाला हद्दीपाशी विचार करावा लागे. भूमिगताला तेवढा वेळ पुरे. शिवाय या संस्थानाची हवाच निराळी. २१ जानेवारी १९३९ रोजी बाळासाहेबांनी आपला राज्याधिकार प्रजेच्या स्वाधीन करणारी घटना जाहीर केली. तिला गांधीजींचा सल्ला होता आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरची खटपट. त्याच संस्थानात आटपाडीजवळ कैद्यांची बिनभिंतींची वसाहत निघाली, स्वतंत्रपूर. शांतारामबापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट तीवरूनच सुचला. म्हणजे पाहा, एका लहानशा संस्थानात यंत्रांचे नगर, राजाने सोडलेले राज्य, भिंती नसलेला तुरुंग आणि पुढे भूमिगतांचे सरकार, असे चार ग्रह साधारण पस्तीस वर्षांत वसले. आमच्या नातवाला एकासाठी तीनशे वर्षे लागली होती.

बाईच्या घरी त्या वर्षांत रात्री-अपरात्री अनोळखी माणसे जेवून जात. कोण, कोठले, विचारायचे नाही. नाव ठाऊक नसले म्हणजे पोलिसाला सांगता येत नाही. पहाटे तीनला उठून तिने किती भाकऱ्या थापल्या याची नोंद कुठल्याच इतिहासात नाही. तिला स्वतःलाही आठवत नव्हती. "भुकेला आला की वाडायचं," एवढेच ती म्हणे. हे सांगताना मला आमच्या सौ.चा प्रश्न आठवला आणि वाटले, ग्रहावर चूल कोठे आहे हे विचारणारी बाईच खरी इतिहासकार.

* * *

परतीच्या आधी एक गोष्ट मी त्याला दाखवली, कारण त्याच्या वहीत ग्रह हिरवा करण्याचे प्रकरण अर्धवट राहिले होते. कुंडलपासून जवळच, देवराष्ट्रे गावाच्या बाजूला सागरेश्वरचे डोंगर आहेत. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. पायथ्याशी जुन्या शिवमंदिरांचा पुंजका आहे. वरचे डोंगर एके काळी उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, माणसे जमवली, वनखात्याने हात लावला, झाडे लावली, हरणे आणून सोडली, आणि १९८५ साली तेथे अभयारण्य झाले. माणसाने लावलेले अरण्य. आज तेथे सांबर, चितळ आणि काळवीट आहेत. नातू कुंपणाशी उभा राहून एका चितळाकडे पाहत होता आणि ते त्याच्याकडे.

"याला माहीत असेल का," त्याने विचारले, "की याच्या खापरपणज्याला ट्रकमधून आणलं होतं?"

"नसेल."

"मग याला कोणी सांगायला पाहिजे."

मी म्हणालो, चितळाला नाही सांगितले तरी चालेल.

संध्याकाळच्या गाडीत त्याने वही काढली. उसाच्या शेतांवर ऊन उतरत होते. हा ऊस बापू लाडांच्या नावाने चालणाऱ्या कुंडलच्या साखर कारखान्यालाही जातो. बंड करणाऱ्यांनाही शेवटी गाळपाचा हिशोब लिहावा लागतो, हे ग्रहांच्या इतिहासात सहसा येत नाही. तो बराच वेळ लिहीत होता. मी खिडकीबाहेर पाहण्याचे नाटक करत होतो. आम्हीही वसाहतवालेच, असा विचार मनात येत होता. १९८१ साली कोथरूडला घर घेतले तेव्हा मित्र म्हणाले होते, कुठे त्या जंगलात जाता? त्या जंगलातही कोणाची तरी शेरडे चरत होती. मी कधी विचारले नाही.

पुणे जवळ आले तेव्हा त्याने वही माझ्या हातात दिली आणि स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला. मोठ्या माणसांसमोर आपले लिहिलेले वाचले जाताना पाहवत नाही, हा लेखकाचा रोग त्याला जडलेला दिसला. पहिली ओळ त्याने खोडली होती. तिच्याजागी लिहिले होते :

'वसाहतीची माणसे उतरली तेव्हा त्यांना ग्रह ओसाड वाटला. एक मुलगी शेळ्या घेऊन लांबून त्यांच्याकडे पाहत होती. तिचे नाव इतिहासात नाही, पण तिने पहिल्या रात्री त्यांना पाणी कोठे आहे ते दाखवले.'

बाईने कोणाला पाणी दाखवले होते असे मी त्याला सांगितले नव्हते. ते त्याने आपल्या पदरचे घातले. पण ग्रह त्याचा आहे, आणि या वेळी 'त्याचा' हा शब्द मला टोचला नाही.

पुढच्या पानावर त्याने मुख्य शहराचे नाव बदलले होते. आधी ते काहीतरी इंग्रजी वळणाचे होते. आता नकाशावर, जेथे याने उतरतात त्या तळाशेजारी, लिहिले होते : कुंडल रोड.

ते तिघे येत्या महिन्यात जातील. टोरांटोला बर्फ पडू लागलेला असेल. तेथे त्यांना जे रिकामे वाटेल ते रिकामे नसेल, हे निदान त्यांच्यातल्या एकाला ठाऊक आहे. सौ.ने त्याच्या बॅगेत भाजणी भरली आहे आणि भाकरीचे पीठ तेथे मिळते की नाही याची चौकशी चालवली आहे. वहीतही आता चूल आली आहे. सतराव्या पानावर.

तुम्हां सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. माळ्यावरच्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा.